आधी आपण खाली उतरू

गेल्या वैशाखात आमच्या बेटम्यात एका निकासीत घोडी घसरली. नवरदेव आमच्या नात्यातलाच. इंदूरहून धारकडे जाणारा रस्ता दुपारभर तापून सुटलेला, त्यावर कुणीतरी सरबताची टाकी ओतलेली, आणि घोडीच्या पायात गुळगुळीत झालेले नाल. मागून डीजेची गाडी, पुढे फटाक्यांची माळ. माळ पेटली तशी घोडी मागे सरली, मागचा पाय निसटला आणि ती गुडघ्यांवर आली. नवरदेवाला चौघांनी झेलला. फेटा पडला तो उचलला, झटकला, पुन्हा बांधला. कुणाला लागलं नाही ना, असं दहा जणांनी विचारलं. घोडीच्या गुडघ्यातून रक्त येत होतं, पण ते विचारणाऱ्या दहा जणांच्या गणतीत नव्हतं. पाच मिनिटांत पुन्हा तेच गाणं, पुन्हा तीच घोडी, पुन्हा नवरदेव वर.

मी तेव्हा काही बोलले नाही. नवी साडी, हातात आरतीचं ताट आणि भोवती सासरची माणसं. घरी आल्यावर मात्र झोप आली नाही. माझी स्वतःचीच लाज वाटली, म्हणून हा लेख. ज्यांना राग येईल त्यांनी घरी येऊन भांडावं, चहा मिळेल.

आपण जैन. पाणी गाळून पितो. सूर्यास्तानंतर जेवत नाही (निदान सासूबाई समोर असताना). चातुर्मासात पालेभाजी नको, कंदमूळ तर बाराही महिने नको. मुंगी दिसली की पाय थबकतो. मग पाचशे किलोच्या आसपासचं एक जितंजागतं पंचेंद्रिय जनावर समोर थरथरत उभं असताना आपला पाय का थबकत नाही? एकेंद्रिय बटाट्यासाठी एवढी काळजी आणि पंचेंद्रिय घोडीसाठी डीजे!

अहिंसाणुव्रताचे अतिचार पाठशाळेत आपण सगळ्यांनी पाठ केलेत. जनावराला जखडून ठेवणं, मारणं, अंगाला छेद देणं, झेपणार नाही इतकं ओझं लादणं, खाणंपिणं अडवणं. पाचच आहेत. आता निकासीतली घोडी डोळ्यांपुढे आणा आणि मोजा. दोन बाजूंनी दोन माणसं दोरी ताणून धरतात, तिला मान हलवता येत नाही, तो पहिला. नाचत नसली तर पोटात कोपर, तो दुसरा. लगामाची जी लोखंडी कडी तोंडात असते तिला काही ठिकाणी काटे असतात, म्हणजे जरा ओढलं की जीभ आणि ओठ फाटतात आणि घोडी लगेच ‘ऐकते’, तो तिसरा. नवरदेव, त्याच्या पुढ्यात लहानगा, चांदीच्या रंगाचं खोगीर, झूल, कलाबतू, तो चौथा. आणि दुपारी चारला आणलेल्या घोडीला रात्री अकरापर्यंत पाणी दाखवायचं नाही, कारण निकासीत तिने लघवी केली तर फोटो खराब होतात. हे मला खुद्द एका घोडीवाल्याने सांगितलं, तो पाचवा. घोड्याला दिवसाला पंचवीस-चाळीस लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. आपण मात्र त्याच मांडवात पाहुण्यांसाठी बाटल्यांच्या थप्प्या लावतो.

काटेरी लगामाबद्दल एक सांगते. ही काही माझ्या कोमल मनाची तक्रार नाही. जनावरांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा १९६० सालचा आहे, आणि ओझ्याच्या व गाडीच्या जनावरांसाठी १९६५ साली जे नियम झाले त्यांत काटेरी लगामाला साफ मनाई आहे. म्हणजे आपल्या आत्याबाई ज्या घोडीला कुंकू लावतात, तिच्या तोंडात साठ वर्षांपूर्वीच बंदी आलेली वस्तू असू शकते. कुंकू लावायच्या आधी एकदा तोंड बघा. बायकांनाच सांगतेय, कारण तिच्या तोंडाजवळ त्या दिवशी आपणच जातो. पुरुष असतात पाठीवर.

आणि ती घोडीच असते हेही लक्षात घ्या. घोडा नाही. मादी शांत असते, सहन करते, म्हणून मादी. तिला नटवायचं, डोळ्यांवर झालरी सोडायच्या, पायांत घुंगरू बांधायचे, आणि मग तिने हूं की चूं न करता घरचा मान वाहायचा. ओळखीचं वाटतंय का काही? आपल्या भाषेत लग्न लांबलेल्या मुलीला ‘घोडनवरी’ म्हणतात. माझ्या धाकट्या बहिणीला हा शब्द आमच्या घरात, जेवणाच्या पंगतीत, उघड ऐकवला गेला होता. शिवी द्यायची तरी घोड्याचीच, मिरवायचं तरी घोड्यावरच.

पहिला विरोध घरातूनच झाला. आमचे मोठे दीर, भाऊजी, यांना इतिहासाचा नाद. ते म्हणाले, ‘‘वहिनी, घोडा ही आपली परंपरा आहे. माळवा घोड्यावरून जिंकलाय मराठ्यांनी. इंदूर उभं राहिलं ते घोड्याच्या टापांवर.’’ खरं आहे. आम्ही मराठी माणसं इथे आहोत ती त्याच टापांच्या मागे मागे आलेली. मल्हारराव होळकर १६९३ साली जेजुरीजवळच्या होळ गावी जन्मले, वडील लवकर गेले म्हणून आईने भावाकडे नेले, खानदेशात तळोद्याला. मामांच्या घरी घोडेस्वारांची पथकं होती, तिथे पोरगं भाला आणि घोडा शिकलं. बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावर बसणारा आणि शिलेदार म्हणजे स्वतःचं घोडं घेऊन येणारा. दोघांच्या पगारात आणि मानात फरक होता. माणसाची किंमत त्याच्या घोड्यावरून ठरायची. हे सगळं मला मान्य.

पण भाऊजी, घोड्याची परंपरा म्हणजे नुसतं वर बसणं होतं का? त्या काळच्या भाषेत घोड्याभोवती किती शब्द होते बघा. पागा, चंदी, तोबरा, खरारा, मोतद्दार, नालबंद, आगाडी-पिछाडी. हे सगळे घोड्याची निगा राखण्याचे शब्द आहेत. आज आपल्याला त्यांतले किती येतात? आपल्याला फक्त ‘बुकिंग’ येतं.

शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. मी कॉलेजात इतिहासाच्या तासाला ते पहिल्यांदा ऐकलं आणि थक्क झाले. तलवारीबद्दल त्यात काही नाही. दाणावैरण जपून वापरा, आत्ताच उधळली तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही रयतेच्या घरात शिराल, तिची भाजीसुद्धा उचलाल, आणि लोक म्हणतील याहून मोगल बरे. रात्री दिवा जळता ठेवू नका, पेटती वात उंदीर ओढून नेईल आणि गंजी पेटेल. अशी त्यातली ताकीद. बायांनो, हे पत्र एखाद्या जाणत्या गृहिणीचं वाटावं असं आहे. डबे किती भरलेत, पावसाळा किती लांब आहे, उंदीर कुठून येतो. राज्य असं चालायचं. ज्याला परंपरा हवी त्याने ही घ्यावी. घोड्याच्या पोटाचा हिशेब आधी, पाठीचा मागून.

आणि तो हिशेब चुकला की काय होतं तेही आपल्याच इतिहासात आहे. १४ जानेवारी १७६१ च्या आधी पानिपतच्या छावणीत कोंडलेल्या फौजेची घोडी दाण्यावाचून खंगली होती. २१ डिसेंबर १८१७ ला इथे जवळच महिदपूरला क्षिप्रेच्या काठी होळकरांची फौज इंग्रजांपुढे मोडली आणि पुढच्याच महिन्यात मंदसोरचा तह झाला. त्यानंतर माळव्यातल्या घोड्याचं काम हळूहळू लढाईकडून मिरवणुकीकडे आणि टांग्याकडे आलं. आज निकासीतल्या घोडीवर बसून कमरेला पत्र्याची तलवार लावणारा मुलगा नेमकी कोणती लढाई जिंकून येतोय, हे त्याला विचारावंसं वाटतं.

टांग्याचं मात्र मला वाईट वाटतं. मी लग्न होऊन आले तेव्हा इंदूर स्टेशनावरून टांग्यानेच गेले होते. टांगेवाला चढावर स्वतः खाली उतरून चालायचा. तो काही जैन नव्हता आणि त्याने कुठलं व्रतही घेतलं नव्हतं. त्याचं पोट त्या घोड्यावर होतं, म्हणून तो उतरायचा. रोजचा संबंध असला की दया मुद्दाम शिकवावी लागत नाही. भाड्याने तीन तासांसाठी आणलेल्या घोडीशी आपला कसला संबंध?

बाहेरच्या जगातही हे भांडण जुनंच आहे. अमेरिकेतली शहरं एके काळी घोड्यावर चालत होती, अक्षरशः. ट्राम, दूध, बर्फ, आगीचे बंब, सगळं घोडे ओढायचे. १८७२ च्या शरद ऋतूत घोड्यांमध्ये तापाची साथ आली आणि शहरंच्या शहरं ठप्प झाली. त्याच नोव्हेंबरात बोस्टनला मोठी आग लागली तेव्हा बंब माणसांनी हातांनी ओढत नेले. त्याआधी सहा वर्षं, १८६६ साली, न्यूयॉर्कमध्ये हेन्री बर्ग नावाच्या गृहस्थाने जनावरांवरची क्रूरता रोखणारी संस्था काढली होती. भर रस्त्यात गाड्या अडवून तो माणूस जखमी घोडे सोडवायला लावायचा, लोक त्याची टिंगल करायचे. पण मला जास्त जवळची वाटते ती इंग्लंडची ॲना सिवेल. लहानपणी पाय अधू झालेले, चालता येत नाही, म्हणून जिथे जायचं तिथे घोडागाडीने. आजारपणात पडल्या पडल्या तिने ‘ब्लॅक ब्युटी’ लिहिलं, १८७७ मध्ये ते छापून आलं आणि काही महिन्यांत ती गेली. घोड्याची मान सतत उंच दिसावी म्हणून श्रीमंत लोक एक आखूड पट्टा आवळत, त्याने घोड्याला श्वास घेणंही जड व्हायचं. तो पट्टा तिने त्या पुस्तकात असा काही वाचकांसमोर ठेवला की लोकांना लाज वाटू लागली. घरात पडून असलेल्या एका बाईचं हे पुस्तक. आपण तर चालत्याबोलत्या आहोत. आणि मान उंच बांधायची ती हौस आपल्या निकासीत आजही आहे, उद्या एखाद्या लग्नात बघा.

न्यू जर्सीत माझ्या चुलतबहिणीच्या मुलाचं लग्न झालं. तिथेही घोडी होती बरं का, आपली माणसं ती हौस कुठे सोडतात! पण घोड्याची मालकीण बरोबर आली होती आणि तिने आधीच सांगून ठेवलं होतं, अर्धा तास, फटाके अजिबात नाहीत, ढोल घोड्यापासून लांब, आणि मी म्हटलं की नवरदेव खाली. सगळ्यांनी मुकाट ऐकलं. हीच आपली माणसं! म्हणजे ऐकता येतं आपल्याला. ऐकवणारा तेवढा मिळाला पाहिजे. शिकागो शहराने तर घोडागाड्या २०२१ पासून बंदच केल्या.

आपल्याकडे मुंबईत १८७४ साली घोड्यांच्या ट्राम सुरू झाल्या तेव्हा तबेल्यात नऊशे घोडे होते म्हणतात. त्या ट्राम गेल्या, व्हिक्टोरिया राहिल्या. २०१५ च्या जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हौसेखातर चालणाऱ्या त्या गाड्या बेकायदा ठरवल्या आणि बंद करायला वर्षभराची मुदत दिली, गाडीवाल्यांचं पुनर्वसन करा असंही सांगितलं. मला त्या निकालातला पुनर्वसनाचा भाग महत्त्वाचा वाटतो, कारण आपण ‘घोडी बंद’ असं एका वाक्यात म्हणून मोकळे होतो आणि घोडीवाल्याच्या चुलीचा विचार करत नाही.

म्हणून मी त्या घोडीवाल्याकडे गेले. घसरलेल्या घोडीच्याच. गावाबाहेर पत्र्याची शेड, त्यात दोन घोड्या आणि एक शिंगरू. जखमेवर हळद लावलेली. मला वाटलं होतं हा माणूस क्रूर असणार. तो म्हणाला, ‘‘भाभीजी, वर्षात लग्नाचे दिवस किती? पन्नास-साठ. त्यात मी वर्षभराची चंदी काढायची, पोरांची फी काढायची. मी म्हणतो फटाके नको, तर म्हणतात पैसे दिलेत. मी म्हणतो घोडी दमली, तर म्हणतात दुसरा आणू. तुम्ही लोक घोडी बंद कराल, माझं काय?’’ ही घोडी त्याने सारंगखेड्याच्या बाजारातून आणली होती, एकमुखी दत्ताच्या यात्रेतून, उसने पैसे काढून. तिचं नाव त्याच्या मुलीने ठेवलंय. आम्हा लग्नघरातल्या कुणाला तिला नाव आहे हेही माहीत नव्हतं. त्यानेच मला आणखी एक सांगितलं. निकासीत प्रत्येक दारी बायका कौतुकाने भिजवलेली हरभऱ्याची डाळ भरवतात, कुणी लाडू देतं, कुणी पेढा. घोड्याला ओकता येत नाही. जास्त गेलं की ते पोटातच फुगतं, घोडी रात्रभर लोळते आणि कधी कधी सकाळपर्यंत मरते. मी स्वतः किती घोड्यांना किती ओंजळी डाळ भरवली असेल, तेही पुण्य म्हणून!

तेव्हा माझा राग घोडीवाल्यावर नाही, पैसे मोजणाऱ्यावर आहे. म्हणजे आपल्यावर.

आता एक अवघड गोष्ट. आमच्या कामवाल्या बाईंना मी हे सगळं उत्साहाने सांगितलं. त्या भांडी घासता घासता थांबल्या आणि म्हणाल्या, ‘‘ताई, आमच्या पोरांना आत्ता कुठे घोडीवर बसायला मिळतंय.’’ मी गप्प झाले. २०१५ च्या मे महिन्यात आपल्याच माळव्यात, रतलाम जिल्ह्यातल्या नेगरून गावात, एका दलित नवरदेवाला डोक्यावर हेल्मेट घालून घोडीवर बसावं लागलं होतं. घोडीवर बसतो म्हणून गावातल्या वरच्या जातीच्या लोकांनी दगड मारले, म्हणून पोलिसांनी हेल्मेट दिलं. तो फोटो सगळ्या देशाने पाहिला. त्या मुलाला ‘बाळा, अहिंसेसाठी खाली उतर’ असं सांगायला मी जाणार नाही. ज्यांचे आजे-पणजे मिरवले, ज्यांना कुणी कधी अडवलं नाही, त्यांनी आधी उतरायचं. आधी आपण. ज्याला आजवर बसूच दिलं नाही, त्याला उतर म्हणण्याचा हक्क आपण अजून कमावलेला नाही.

शेवटचा मुद्दा आमच्या मंदिराच्या ओट्यावर निघाला. मी म्हटलं, लग्नातलं तर सोडाच, पंचकल्याणकाच्या शोभायात्रेतही घोडे नकोत, बग्गी नको. एक वयस्कर काका म्हणाले, ‘‘सुनबाई, नेमिनाथ भगवानसुद्धा रथात बसूनच आले होते लग्नाला. रथाला घोडे नव्हते का?’’ सगळे हसले. होते ना काका. पण ती कथा आपण सांगतो ती रथासाठी नाही. जुनागढच्या वाटेवर कोंडलेल्या जनावरांचा आक्रोश कानी आला, कशासाठी म्हणून विचारलं, वऱ्हाडाच्या जेवणासाठी असं कळलं, आणि तिथूनच रथ वळला, तो थेट गिरनारकडे. राजुल नटून वाट बघत राहिली. आपण बायका मंडळात राजुलची गाणी म्हणतो आणि डोळे पुसतो. एका मुलीचं लग्न मोडलं, तिचं आयुष्य बदललं, ते मुक्या जनावरांची हाक कुणीतरी ऐकली म्हणून. आणि आपल्या निकासीत ती हाक ऐकूच येऊ नये एवढा मोठा डीजे असतो. तिसरे तीर्थंकर संभवनाथ, त्यांचं तर लांछनच घोडा. मूर्तीच्या पायाशी कोरलेला घोडा आपण रोज पुसतो, त्याला अक्षता वाहतो. मंदिराबाहेरच्या घोड्याला साधा पाण्याचा हौद नाही. आपल्याच समाजाने मुंबईत पारशी मंडळींच्या बरोबरीने १८३४ साली पांजरपोळ उभी केली, म्हाताऱ्या आणि लंगड्या जनावरांसाठी. जनावर मोडल्यावर आपण फार चांगले आहोत. मोडेपर्यंतचं काय?

काका रागावले नाहीत. ‘‘बघू ट्रस्टच्या बैठकीत,’’ म्हणाले. हौदाचा विषय बैठकीत आला, बग्गीचा आला नाही. पुढच्या बैठकीला मी स्वतः जाणार आहे आणि तुम्हीही या. नुसतं फोनवर ‘तुझं पटलं गं’ म्हणू नका.

आमच्या चिरंजीवांचं लग्न येत्या माघात आहे. घोडी सांगितलेली नाही. भाऊजींनी महिनाभर बोलणं टाकलं होतं, आता चहापुरतं बोलतात. जाऊबाई म्हणाल्या, ‘‘लोक म्हणतील पैसे वाचवले.’’ म्हणून पैसे वाचवलेले नाहीत. निकासीचे जे व्हायचे ते सगळे घोडीवाल्याला दिलेत, घोडी न आणण्याचे. तो दोनदा म्हणाला, ‘‘भाभीजी, असं कुणी देतं का?’’ आणि मोजून घेतले. नवरदेव चालत जाणार आहे, मंदिर काही लांब नाही.

सासूबाईंचं मात्र एक अडून बसलं. घोडीला डाळ भरवल्याशिवाय त्यांना लग्न लागल्यासारखं वाटणार नाही. मग ठरलं की लग्नाच्या सकाळी आम्ही बायकाच शेडवर जाऊ, तिथेच कुंकू आणि तिथेच डाळ. नात्यातली पंचवीस-तीस बायका तरी निघतील. सासूबाई म्हणाल्या, ‘‘पाच किलो भिजव.’’ मी म्हटलं, ‘‘आई, अर्धा किलो पुरे सगळ्यांत मिळून. तिला ओकता येत नाही.’’